काळी दोन गप्प बसत नाही

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिची पूजा होते आणि मग ती बिघडते. मुंबईहून आणलेल्या पेटीने हा क्रम मोडला. ती बिघडूनच आली.

पेटी म्हणजे बाजाची पेटी. एका हाताने भाता हलवायचा, दुसऱ्याने पट्ट्या दाबून सूर काढायचे. कल्याणात ती नवलाची वस्तू होती आणि माझ्यासारख्या ठाण्याच्या कचेरीतल्या कारकुनाला तर निव्वळ उधळपट्टी. पण मी ती हौस म्हणून आणली नव्हती. माझे वडील, म्हणजे आमचे तात्या, रामाच्या देवळात रामनवमीचे कीर्तन करीत. मला कळू लागल्यापासून रामजन्म त्यांच्याच तोंडून ऐकलेला. अलीकडे मात्र त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. पाठीमागचा तंबोरा त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे, आणि आधाराचा सूर सुटला की त्यांचा आवाज दावे तोडलेल्या वासरासारखा कुठेही जाई. तात्यांना अर्थातच हे मान्य नव्हते.

"माझे कान ठणठणीत आहेत. तंबोऱ्यालाच दमा झालाय," असे ते सांगत.

गेल्या रामनवमीला लोक एकमेकांकडे पाहू लागले होते. या वर्षी देवळाचे वहिवाटदार बापूसाहेब यांनी मला शेणाळे तळ्याच्या काठी गाठले.

"विनायकराव, तात्यांविषयी आदर आहेच. पण यंदा ठाण्याच्या बुवांनाही बोलावून ठेवतोय. पूर्वरंगात तात्या अडखळले, तर पुढचं रामजन्माचं आख्यान बुवा करतील. तुम्हीच हलक्या हाताने सांगा त्यांना."

मी सांगितले नाही. सरळ मुंबईला जाऊन पेटी आणली. तंबोरा ऐकू येत नसेल तर पेटी ऐकू येईल, असा साधा हिशेब. वाजवणार मी. (मला वाजवता येत नव्हते, पण मी याद्या करून कामे उरकणारा माणूस आहे, आणि "पेटी शिकणे" हे "पावसाआधी कौले शाकारणे" याच्या वरच लिहिले होते.)

घरी येऊन भात्याची मूठ ओढली. मूठ हातात आली, भाता जागेवरच राहिला. रोगण ओले होते, त्यामुळे पेटीला टेकून बसलेला माणूस उठताना पेटीसकट उठे. आणि मूठ दोरीने बांधून भाता हलवला, तर कोणी हात न लावता काळ्या पट्ट्यांतली दुसरी, काळी दोन, जी बोंबलायला लागली ती थांबेना.

तात्या ओटीवरून उठून आत आले.

"काय रे विनू, काय वाजतंय हे?"

"पेटी."

"कुठली पट्टी दाबलीस?"

"एकही नाही."

"मग थांबव की."

"थांबत नाही, तात्या."

तात्यांनी पेटीकडे निरखून पाहिले. "म्हणजे बापूसाहेबांसारखीच आहे. पार ओटीवर ऐकू आली मला," असे म्हणून ते परत गेले. त्यांनी काय सांगितले ते मी तेव्हा नीट ऐकले असते तर पुढचे सगळे टळले असते. पण मी दोषांची यादी करण्यात गुंतलो होतो.

आमच्या कुटुंबाने, म्हणजे हिने, दाराआडून निदान केले. "पूजा न करता वाजवायला बसायचं झालं, दुसरं काय होणार?"

संध्याकाळी आळीतल्या बायका जमल्या. पेटीला हळदकुंकू लागले, सुपारीचा गणपती पट्ट्यांवर बसला आणि प्रत्येकीने मनापासून अक्षता वाहिल्या. पूजा आटोपून मी भाता हलवला. काळी दोनला तीन सख्या मिळाल्या होत्या. चौघी एका सुरात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पेटी सतरंजीत गुंडाळून मी मुंबई गाठली आणि पेटी विकणाऱ्या शेटजींच्या पुढ्यात दोषांची यादी वाचली. शेटजींनी ती शांतपणे ऐकली आणि पेटी उघडली.

"साहेब, हे काय?"

"काय?"

"तांदूळ."

मी यादीत पाहिले. तांदूळ तिच्यात नव्हते.

"हळद लावलेले."

"अक्षता आहेत त्या."

"आमच्या कारखान्यात तांदूळ वापरत नाहीत, साहेब. आणि ही सुपारी?"

"तो गणपती."

शेटजींनी गणपती उचलून गादीवर ठेवला, त्याला नमस्कार केला आणि पुन्हा पेटीत डोके घातले. प्रत्येक सुराला आतून एक लाकडी झडप असते; पट्टी दाबली की ती उघडते, सोडली की मिटते. तीन झडपांखाली एकेक दाणा अडकून बसला होता, म्हणून त्या मिटत नव्हत्या. दाणे काढताच तिघी गप्प झाल्या. काळी दोन चालूच.

"हिच्याखाली तांदूळ नाही," शेटजी म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी. ही आमची नव्हे, तुमची."

"लाकूड ओलं होतं हो. झडप वाकलीय. नवी बसवून देतो, पण सुतार गावाला गेलाय. पाडव्यानंतर आणा."

"पाडव्यानंतर लगेच रामनवमी."

"मग रामनवमीनंतर आणा," असे म्हणून त्यांनी मूठ तेवढी घट्ट करून दिली.

घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसलो. कुटुंबाने देवघरातून कापसाची एक फुलवात आणली आणि झाकण उचलून काळी दोनच्या झडपेखाली बोटाने कोंबली. पेटी गप्प. "इकडून मुंबईची खेप उगाच झाली," एवढेच ती म्हणाली. मी कृतज्ञतेने यादीतले ते काम खोडले आणि रामनवमीपर्यंत बोटे मोडेपर्यंत सराव केला.

रामनवमीला देऊळ भरले होते. तात्या फेटा बांधून उभे राहिले, मागे शहाडचे रामभाऊ मृदंग घेऊन, शेजारी मी. पेटीवरचे झाकण घरी राहिले होते. (ते यादीत होते. यादीही घरी राहिली होती.) पहिल्या रांगेत बापूसाहेब आणि त्यांच्याजवळ ठाण्याचे तरुण बुवा, उपरणे सावरून तयार.

तात्यांनी पद सुरू केले. मी त्यांच्यामागून सूर शोधत निघालो. ते वर गेले की मी खाली सापडे. मी वर पोचेपर्यंत ते परतलेले असत. तात्यांना माझी पेटी चांगली ऐकू येत होती, आणि दुर्दैव तेच होते. माझ्या मागे येता येता त्यांचा स्वतःचा सूरही सुटला. ते थांबले. पुन्हा सुरू केले. पुन्हा थांबले.

"तात्या, पाणी?" रामभाऊंनी हळूच विचारले.

"पाणी नको. सूर हवाय," तात्या म्हणाले. हळू बोलल्यासारखे, पण ज्यांना कमी ऐकू येते त्यांचे हळू बोलणे सगळ्यांना ऐकू जाते.

बापूसाहेबांनी बुवांकडे पाहिले. बुवा अवघडून जाग्यावरच हलले. घाबरून मी भाता असा काही हाणला की फुलवात झडपेखालून सुटली, उडाली आणि बापूसाहेबांच्या पगडीवर जाऊन बसली. काळी दोन देऊळभर बोंबलली.

मी दोन्ही हातांनी पट्टी धरायला धावलो. भाता थांबला, सूर थांबला. तात्या गर्रकन वळले.

"थांबवलास का? धर तो."

"तात्या, तो बिघाड—"

"असू दे रे बिघाड. बोटं काढ आणि नुसता भाता हलव."

मी बोटे काढली. काळी दोन सुरू झाली. न वर, न खाली, कोणाची भीड न धरता. तात्यांनी डोळे मिटले, क्षणभर ऐकले आणि आपला आवाज तिच्याशेजारी अलगद आणून ठेवला. वासरू दावणीला आले.

मग ते हलले नाहीत. पूर्वरंग रंगला. बुवा उठले तेव्हा आख्यान हातचे गेले असेच मी धरले. पण त्यांनी कोपऱ्यातली झांज उचलली आणि तात्यांच्या मागे ताल धरून उभे राहिले. भर दुपारी पाळणा हलला, गुलाल उडाला, आणि सूर अजून तिथेच होता. बापूसाहेबांनी डोळे पुसले. पगडीवरची फुलवात त्यांना शेवटपर्यंत कळली नाही आणि मी अजूनही सांगितलेली नाही.

प्रसादाच्या वेळी बुवा माझ्याजवळ आले. "अखंड सूर देणारी पेटी प्रथमच पाहिली. मुद्दाम तशी करवून घेतलीत?"

"हो," मी म्हणालो.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण रामनवमीनंतर पेटी आणा असे शेटजींनी सांगितले होते, आणि सांगितल्या वेळी सांगितलेले काम करण्याची मला खोड आहे. मी पेटी नेली. शेटजींनी माफी मागून नवी झडप बसवली, रोगण पुन्हा चढवले, चहा पाजला. निर्दोष पेटी घेऊन मी मोठ्या दिमाखात परतलो आणि तात्यांसमोर भाता हलवला. पेटी गप्प.

"सूर कुठाय?" तात्यांनी विचारले.

"पट्टी दाबल्याशिवाय येणार नाही आता. दुरुस्त करून आणली."

तात्यांनी स्वतः एकदा भाता हलवून पाहिला. "सांगितलं कोणी होतं तुला?"

पुढच्या कीर्तनाला मी काळी दोन बोटाने दाबून धरली. पण तात्या रंगात आले की मी ऐकतच राही, बोट आपोआप उचलले जाई आणि तात्या भर आख्यानात मागे वळून पाहत. जे काम त्या वाकड्या झडपेने झोपेत केले, ते मला जागेपणी जमेना. अखेर पेटी सतरंजीत गुंडाळून पुन्हा शेटजींपुढे ठेवली.

"आता काय झालं, साहेब?"

"नीट चालते."

"मग?"

"बिघडवून द्या."

शेटजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "साहेब, त्यासाठी एवढ्या लांब कशाला आलात? तुमच्या घरी तांदूळ आहेत ना?"

काळी दोनच्या झडपेखाली एकच दाणा लागतो. देवाची कृपा, तात्या अजून उभे राहतात आणि देऊळ अजून भरते. प्रत्येक कीर्तनाच्या सकाळी माझ्या यादीत पहिले काम असते: पेटी बिघडवणे. तेही मला अजून जमलेले नाही. हळद लावून दाणा हीच बसवते.