हात स्थिर ठेवणारे औषध

नेमबाजीच्या रेंजवर माझ्या मुलीला दम्याचा झटका आला आणि तो कशामुळे आला हे तिच्या प्रशिक्षकाला ठाऊक होते. मी त्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा ते खोटे बोलले.

रेंज म्हणजे सोलापूरच्या एमआयडीसीतली यंत्रमागाची जुनी शेड. माग भंगारात गेल्यावर मालकाने ती भाड्याने दिली होती. एका टोकाला टेबले, दहा मीटरवर टार्गेट, वर पत्रा. मुलगी कॉलेजात होती आणि एअर पिस्तूल खेळायची. दमा तिला लहानपणापासून. पंप कायम पिशवीत असे. मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो. पाळी दुपारी सुरू होत असल्याने सकाळी तिला सोडायला जायचो आणि तिथेच थांबायचो. प्रथमोपचाराची पेटी एखाद्या पालकाने सांभाळावी असे ठरले तेव्हा ती माझ्याकडे आली.

काम प्रशिक्षकांनीच शिकवले. ते टेंभुर्णीकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. "आदी हत्यार, मग माणूस," असे ते सांगत. म्हणजे कोणी कोसळले तरी पहिल्यांदा सगळ्यांचा नेम थांबवायचा, पिस्तुले रिकामी करायची, नळी रिकामी आहे हे दिसावे म्हणून तीत रंगीत दोरा घालायचा, आणि मगच रुग्णाकडे जायचे. रक्त, चक्कर, झटका, प्रत्येकाचे वेगळे नियम होते. एक मात्र सगळ्यांना सारखा होता. "काय खाल्लं, काय घेतलं, ते इचारायचं. पेशंट लाजतो. तुमी लाजू नका."

त्या उन्हाळ्यात राज्य निवडीच्या चाचण्या जवळ आल्या होत्या. सरावात मुलीचे गुण चांगले होते, पण स्पर्धेत हात थरथरायचा. प्रशिक्षक म्हणाले, "हाताचं माज्यावर सोडा." पुढे हाताची थरथर थांबली. घरी सगळ्यांना आनंद झाला. मीही ऑफिसात सांगितले.

त्या सकाळी चाचणीसारखीच पूर्ण मॅच लावली होती. अर्ध्यावर तिने पिस्तूल टेबलावर ठेवले आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. प्रशिक्षक ओरडले, "स्टॉप! हत्यारं खाली!" सगळे थांबले. तिचे पिस्तूल त्यांनी स्वतः रिकामे केले, दोरा घातला आणि मला हात केला. त्यांच्या हालचालीत कुठेही चूक नव्हती.

मी तिला खुर्चीवर पुढे वाकवून बसवले. आडवे केले नाही. पंपाला नळकांडे जोडून औषध दिले, थांबलो, पुन्हा दिले. एरवी एवढ्यात खांदे खाली येत. या वेळी आले नाहीत. मी नाडी पाहिली. दम्यात तिची नाडी नेहमी पळायची. आम्हाला त्याची सवय होती. आज छाती भात्यासारखी चालली होती आणि नाडी संथ होती.

"हिनं काही घेतलंय का? गोळी वगैरे?" मी प्रशिक्षकांना विचारले.

"न्हाय ओ. केळं खाल्लं, पाणी प्यायली. पत्रा तापलाय, भट्टी झालीय हितं. उष्म्यानं झालंय."

मुलीलाही विचारले. तिने मान हलवली. नाही.

रुग्णवाहिकेला वेळ लागेल असे फोनवर कळले. प्रशिक्षकांनी आपली गाडी काढली. मागच्या सीटवर मी तिला बसती धरली होती. सात रस्ता चौकात गाड्या अडकल्या. प्रशिक्षक काच खाली करून ओरडत होते, "ए मामा, रिक्षा बाजूला घे की! पेशंट हाय!" मुलीची नखे निळसर झाली होती. मी पुन्हा विचारले.

"न्हाय म्हटलं न्हवं! पत्रकार, बातमी काडताय का पोरीला धरताय?" ते आरशातून म्हणाले. "धरा की नीट."

मी नीट धरले.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी वाफेतून औषध सुरू केले आणि विचारले, "कुठली औषधं चालू आहेत? बीपीची, धडधडीची?" दारातून प्रशिक्षक म्हणाले, "काय न्हाय मॅडम. पंप तेवढा." बराच वेळ गेला. फरक पडला नाही. डॉक्टर वरिष्ठांना फोन लावायला गेल्या, तेव्हा प्रशिक्षकांनी मला बाहेर पाण्याच्या कूलरपाशी नेले.

"सर, एक सांगतो. हितंच ठेवायचं." त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. "माजी बीपीची गोळी हाय. त्यानं धडधड कमी हुती, हात थरथरत न्हाय. तिला अर्धी देत हुतो. आज अख्खी दिली."

"नाव काय गोळीचं?"

त्यांनी नाव सांगितले. "पण आत बोलू नका. नेमबाजीत ती बंद हाय. केसपेपरवर आलं की पोरगी खेळातनं बाद. माजं तर सोडाच. तासाभरात उतरंल की असर."

त्यांनी मला विश्वासात घेतले होते. एवढा वेळ एकट्याने लपवल्यानंतर त्यांना आता सोबत हवी होती.

मी आत गेलो. माझा चेहरा पाहून मुलीला कळले. तिने तोंडावरचा मास्क ओढला. आम्ही घरी अर्धे कानडी बोलतो.

"ब्याड, अप्पा," ती म्हणाली. नको.

तिच्याकडे एका शब्दापुरता श्वास होता आणि तो तिने तिथे खर्च केला. तोवर माझी समजूत होती की फसवणूक आम्हा दोघांची झाली आहे.

मी डॉक्टरांना गोळीचे नाव आणि मात्रा सांगितली. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलं? या गोळीनं दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. वर आपलं औषध लागू पडत नाही." त्यांनी औषध बदलले. संध्याकाळी ती उशीला टेकून झोपू शकली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी विचारले, "तुला माहीत होतं?"

"बंद आहे हे माहीत होतं. दम्याला चालत नाही हे नव्हतं."

"मग मी विचारलं तेव्हा?"

"सर तिथंच होते की, अप्पा."

"तुझा श्वास जात होता."

"आणि तुम्ही जाऊन सांगून टाकलंत. मला विचारलंत?" ती भिंतीकडे वळली.

ती घरी आली त्याच सकाळी आमच्या वृत्तपत्राच्या शहर पानावर बातमी होती. उष्म्याने नेमबाज तरुणीला त्रास. प्रशिक्षकाच्या प्रसंगावधानामुळे प्राण वाचले. सोबत प्रथमोपचाराची पेटी धरलेला त्यांचा फोटो. मी रजेवर असताना ती माझ्याच टेबलावरून गेली होती. सहकाऱ्याला विचारले तर तो खूश होता. "अहो, घरचीच बातमी! म्हटलं, तुम्हाला चकित करू." बातमीत एकच बाजू होती आणि ती नीट लिहिलेली होती. खुलासा द्यायचा तर गोळीचे नाव छापावे लागणार होते, आणि त्याखाली मुलीचे.

छापायचे नाही असे मी ठरवले. पण शेडमध्ये इतर मुलेही होती. रविवारी पालक जमतात. मी पेटी परत करायला गेलो आणि त्यांना सगळे सांगितले. मुलगी सोबत होती. तिला तिथे राहिलेले आपले पिस्तूल घ्यायचे होते. प्रशिक्षक टार्गेटपाशी कागद बदलत होते. त्यांनी वळून पाहिले नाही.

"काय बोलताय सर," शुक्रवार पेठेतले एक किराणा व्यापारी म्हणाले. त्यांची दोन्ही मुले तिथे शिकत होती. "पेपरात तर वेगळंच आलंय. आणि तुमच्याच पेपरात आलंय की!"

दोघे-तिघे हसले. एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी थेट मुलीला विचारले, "तूच सांग बाळा. सरांनी तुला कसली गोळी दिली होती का?"

मुलीने पिस्तुलाची पेटी बंद केली.

"नाही काकू. त्या दिवशी फार गरम होत होतं. सकाळी मी नीट खाल्लंही नव्हतं. अप्पा घाबरले होते, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना नीट कळलं नाही. सर नसते तर मी आज इथं नसते."

बोलताना तिला एकदाही श्वास घ्यायला थांबावे लागले नाही.