आईचा रंग

आमच्या घरात आईचे फोटो पुष्कळ आहेत आणि त्यातल्या एकातही आई नाही. तिच्या लग्नाचा फोटो कल्याणच्या एका स्टुडिओत काढलेला. नवरीवर मेहेरबानी म्हणून त्या फोटोवाल्याने तिचा चेहरा उजळून दिला, पण हात तसेच ठेवले. त्यामुळे चेहरा एका बाईचा आणि हात दुसरीचे, असा तो प्रकार आहे. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा हातही गोरे व्हायला लागले. महिला मंडळाच्या बॅनरवर तर ती इतकी गोरीपान झाली होती, की कोपर स्टेशनबाहेर मी त्या बॅनरखालून गेले आणि स्वतःच्या आईला ओळखलं नाही.

आई काळी आहे. सावळी नाही, निमगोरी तर नाहीच नाही. मी तिच्यावरच गेलेय आणि मला त्याचा अभिमान आहे. शाळेत असताना तो नव्हता, नंतर मिळवावा लागला.

आई महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. ती निवृत्त झाल्यावर शाळेने तिचा फोटो मागितला. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर आधीच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने लावलेले आहेत, तिथे लावायला. आईने एकच अट घातली. "मला गोरी करणार असाल तर फोटोच नको. माझ्या रंगाच्या पोरी त्या शाळेत शिकतात. त्यांना मी दिसले पाहिजे, दुसरी कुणी बाई नको."

ही अट मी आमच्या इथल्या स्टुडिओवाल्याला सांगितली. तो समजूत घालायला लागला. "मॅडम, थोडं तरी उजळायलाच लागतं. नायतर प्रिंटमध्ये एकदम डार्क येतं, मग लोक आम्हालाच बोलतात." मी तिथेच तडकले. म्हटलं राहू दे, मीच छापते घरी. प्रिंटर घरात होताच, फोटो काढायची हौसही होती. रंगांचं ज्ञान तेवढं नव्हतं, पण डोक्यात राख घालून घेतलेल्या माणसाला तेवढं भान कुठलं असायला!

सकाळच्या उजेडात गॅलरीत आईला उभं करून फोटो काढला. वैशाख पौर्णिमेला विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी तिने मुद्दाम नेसली होती. पहिली प्रिंट आली ती कोळशासारखी. केस कुठे संपतात आणि कपाळ कुठे सुरू होतं, काही कळेना. स्टुडिओवाला बरोबर बोलला की काय, या विचाराने मला घाम फुटला. मग लक्षात आलं, माझ्या स्क्रीनचा उजेड फुल होता. स्क्रीनवर जे झगमगतं ते कागदावर कुठून येणार? उजेड कमी केला तेव्हा फोटो किती अंधारा आहे ते स्क्रीनवरच दिसलं. तेवढा अंधार काढला, कोणता कागद घातलाय ते प्रिंटरला नीट सांगितलं, आणि आईचे डोळे, कपाळ, गालावरची खळी, सगळं जागच्या जागी आलं.

आता राहिला रंग. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅमला आधी फोटोतली पांढरी जागा दाखवावी लागते. ती धरून तो बाकीचे रंग जुळवतो. मी बिनधास्त साडीवर बोट ठेवलं. तिच्याहून पांढरं त्या फोटोत होतं काय? प्रिंट हातात घेऊन आई म्हणाली, "मला कावीळ झालीय का गं?"

पिवळा कमी केला तर चेहरा गुलाबी पडे, गुलाबी कमी केला तर हिरवट. मी शाईला शिव्या घातल्या, कागदाला घातल्या, प्रिंटर विकणाऱ्यालाही सोडलं नाही. मग एका रविवारी आई बाथरूममध्ये तीच साडी बादलीत बुचकळत होती आणि बादलीतलं पाणी निळं होतं. नीळ! पांढऱ्या कपड्याला नीळ दिल्याशिवाय आमच्या घरात तो पांढरा धरतच नाहीत. म्हणजे साडी होती निळसर, आणि मी मशीनला सांगितलं ही पांढरी. त्याने बिचाऱ्याने आज्ञाधारकपणे अख्ख्या फोटोतला तेवढा निळा काढून टाकला, आईच्या चेहऱ्यावरचासुद्धा. मी दारातच हसत सुटले.

"हसायला काय झालं?"

"तुझ्या निळीने मला नाचवलं गं."

"मग काय मळकट साडी नेसून विहारात जाऊ?" ती म्हणाली आणि पिळायला लागली.

मी फोटोवाले वापरतात तसं, कुठल्याच रंगाची छटा नसलेलं राखाडी कार्ड आणलं, एक फोटो ते आईच्या हातात देऊन आणि एक त्याशिवाय असे पुन्हा काढले आणि रंग त्या कार्डावरून जुळवले. साडी निळसर राहिली, ती असतेच तशी. मग चेहऱ्याच्या बारीक पट्ट्या छापायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि सकाळी खिडकीत आईच्या गालाला लावून बघायच्या, हा माझा उद्योग सुरू झाला. "गाल आहे का शेडकार्ड?" आई करवादायची, पण गाल पुढे करायची. एका सकाळी पट्टी लावली आणि गाल कुठे संपतो नि कागद कुठे सुरू होतो, ते मला शोधावं लागलं. मी ओरडलेच.

फोटो लावायला आम्ही दोघी शाळेत गेलो. मधली सुट्टी झालेली. खाली नावाची पट्टी अजून लावायची होती, तरी मुलींचा घोळका थांबला आणि "अगं, या आपल्या मोठ्या बाई!" असा गलका झाला. आईचे डोळे भरून आले. माझेही.

ऑफिसमधल्या एक शिक्षिका बाहेर आल्या. मनाने चांगल्या, पण फोटो बघून हळहळल्या. "मॅडम, जरा काळा आलाय ना? आम्हाला सांगितलं असतंत तर उजळून घेतला असता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझा हात दाबला.

"काळा नाही आलेला, बरोबर आलाय. मी काळीच आहे," ती म्हणाली. "आणि हा माझ्या मुलीने घरी छापलाय."

शेवटचं वाक्य तिने जरा मोठ्यानेच म्हटलं, आत ऑफिसात बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं.