लाइपझिगमधली दोन बिऱ्हाडं

आमची मुलगी लाइपझिगला राहायला गेली तेव्हा अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधल्या आमच्या ओळखीच्यांपैकी एकालाही ते शहर जर्मनीच्या नकाशावर दाखवता आलं नसतं. मलाही नाही. वॉशिंग्टनमधली डिझाइनची चांगली नोकरी सोडून ती तिथं लाकडावर चित्रं कोरायला आणि त्यांचे ठसे कागदावर उमटवायला निघाली होती.

"आई, बर्लिन आता खूप एक्स्पेन्सिव्ह झालंय. सगळे आर्टिस्ट्स इथे मूव्ह होतायत. रेंट इतकं कमी आहे, यू वोन्ट बिलीव्ह," ती म्हणाली. तिचं मराठी हे असं आहे.

मी नकाशात ते गाव शोधत बसले. नवऱ्याने मात्र ते शहर दत्तकच घेतलं. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणात, प्लेट हातात धरून तो लोकांना सांगायचा, "जुन्या सूतगिरणीत स्टुडिओ काढलेत. कालव्यांतून होड्या चालतात. पाच-दहा वर्षांत बघा हे शहर कुठं जातं ते." ऐकणारे मान डोलवायचे आणि मुलीच्या लग्नाचं विचारायचे.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कुठं काय मोडणार आहे ते शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि ती सवय घरीही सुटत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मुलीकडे कमी आणि तिच्या मागं जास्त बघायचे. पहिल्या उन्हाळ्यात मागं एक उंच खिडकी होती आणि खिडकीत झाड. शरद ऋतूत त्या खिडकीवर राखाडी जाड कापड आलं. परांची बांधली आहे, इमारत नव्याने विकली गेलीय, दुरुस्ती करणार आहेत, असं ती म्हणाली. नोव्हेंबरात ती घरातच जाड जॅकेट घालून बोलायला लागली.

"हीटिंग बंद आहे का गं?"

"थोडे दिवस. ते फिक्स करणारेत."

जानेवारीतही तिच्या अंगात तेच जॅकेट होतं. मी नवऱ्याला म्हटलं, तिकिटं काढ.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पोचलो. शहर खरंच सुंदर होतं, हे मला मान्य करायला हवं. ट्राम अगदी दारापर्यंत यायची. सूतगिरणीच्या लाल विटांच्या आवारात एकामागून एक चित्रांची दालनं होती, तरुण पोरं रंगाने माखलेल्या पँट घालून कॉफी पीत उभी होती, आणि आमच्या मुलीला त्यातली निम्मी ओळखत होती. नवरा लहान मुलासारखा फोटो काढत सुटला. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

पण ती राहत होती ते घर मला पहिल्या नजरेतच आवडलं नाही. पाच मजल्यांची जुनी इमारत, वरपासून खालपर्यंत त्या राखाडी कापडात गुंडाळलेली. बाकीच्या रस्त्यावर ऊन होतं आणि ही एकटी अंधारात. मुख्य दाराला कुलूपच नव्हतं. ते काढून नेलं होतं, नुसतं भोक राहिलं होतं, आणि वाऱ्याने दार आपटत होतं. जिन्यातले दिवे काढलेले. मुलगी मोबाइलच्या उजेडात आमच्या बॅगा चढवत होती आणि हसत होती. "वेलकम टू माय पॅलेस."

खाली पत्रपेट्यांवरची नावं पांढऱ्या रंगाने पुसली होती. दोनच उरली होती.

एक नाव आमच्या मुलीचं. दुसरं तिच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य पुस्तकबांधणीच्या कारखान्यात गेलेलं, आणि तरुणपणापासून त्याच घरात बिऱ्हाड. मुलीला त्यांनी बांधणी शिकवली होती, आणि मुलीने त्यांना एक मराठी शब्द शिकवला होता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ओळख करून दिली, "आजी."

आजींनी कॉफी केली, केक कापला. मुलगी त्यांचं जर्मन आम्हाला सांगत गेली. नवीन मालकाने सगळ्यांना घर सोडायला सांगितलं. कुणी थोडे पैसे घेऊन गेलं, कुणी थंडीला कंटाळून. "आता आम्ही दोघीच. ही खाली आहे म्हणून मला झोप लागते," आजी म्हणाल्या, आणि आमच्या मुलीचा हात थोपटत राहिल्या.

"दुरुस्ती कधी संपणार?" नवऱ्याने विचारलं.

मुलगी भाषांतर करायच्या आधीच आजींनी त्याच्या चेहऱ्यावरून प्रश्न ओळखला असावा. त्या काहीतरी थोडक्यात म्हणाल्या.

"त्या म्हणतात, दुरुस्ती सुरूच झालेली नाही. परांची बांधली, त्यानंतर त्यावर कुणी चढलंच नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पाव आणायला गेली होती, आणि आम्ही दोघं मागच्या अंगणात उन्हाचा तुकडा शोधत उभे होतो. एक माणूस इमारतीचे फोटो काढत होता. चाळिशीचा, चांगला कोट, चकचकीत बूट. तो जवळ आला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही तिचे आईवडील. अमेरिकेहून आलात."

तो विचारत नव्हता. त्याला माहीत होतं.

नवऱ्याने आपल्या सवयीने हात पुढे केला. त्या माणसाने विचारलं, किती दिवस आहात, आणि नवऱ्याने परतीच्या विमानाचा वारसुद्धा सांगून टाकला. माणूस हसला. "छान. तिलाही सोबत घेऊन जा. या घरात हिवाळा फार कठीण जातो."

तो अगदी सभ्यपणे बोलत होता. एखाद्या डॉक्टरसारखा. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मुलगी आल्यावर नवऱ्याने सगळं सांगितलं. तिच्या हातातली पावाची पिशवी तशीच राहिली. "बाबा, तुम्ही त्याला डेट सांगितली? तो ओनरचा माणूस आहे."

"मग काय झालं? चांगला बोलत होता."

"तो नेहमीच चांगला बोलतो."

त्या दुपारी पहिल्यांदा छपरावर माणसं चढलेली ऐकू आली. काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज, ठोकाठोक, मग विटा ठेवल्यासारखं. संध्याकाळपर्यंत ती गेली आणि पुन्हा आली नाहीत. नवरा म्हणाला, "बघा, काम सुरू झालं शेवटी." मी छताकडे बघत राहिले. का, ते मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर माझं डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, प्रवासाचा शीण. नवऱ्यालाही सकाळी मळमळायचं, पण तो कॉफीला दोष द्यायचा. मुलगी म्हणाली, विंटरमध्ये सगळ्यांनाच असं होतं. गंमत म्हणजे बाहेर पडून कालव्याच्या काठाने थोडं चाललं की माझं डोकं एकदम साफ व्हायचं. परत घरात आलं, कुणी आंघोळ केली, की पुन्हा कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. इतकं सगळं समोर होतं आणि मला ते जोडता आलं नाही. आयुष्यभर टेस्टिंग केलेल्या बाईला.

शनिवारची सकाळ होती. घरातलं हीटिंग बंद असल्यामुळे मुलीने खिडक्यांच्या फटी टेप लावून बुजवल्या होत्या. गरम पाण्यासाठी बाथरूममध्ये भिंतीवर जुना गॅसचा गीझर होता. वर आजींकडेही तसाच होता, आणि दोन्हीचा धूर एकाच चिमणीतून छपरावर जायचा. मुलगी आंघोळीला गेली होती. नवरा अंथरुणावर परत आडवा झाला होता, जे तो कधी करत नाही. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि साखरेचा डबा उघडून उभी राहिले. कशासाठी उघडला ते आठवेना.

बाथरूमच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. काचेतून गीझरची ज्योत दिसत होती. पिवळी. निळी नाही, लवलवती पिवळी.

नागपूरला आमच्या गल्लीत एक नवी सून अशीच आंघोळीला गेली होती. दार फोडून तिला बाहेर काढलं, तेव्हा नळ चालूच होता. मी तेव्हा कॉलेजात होते. तिच्या सासूचं ओरडणं मला त्या स्वयंपाकघरात अगदी स्पष्ट ऐकू आलं.

मी दार बडवलं. "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

आतून आवाज आला, "कमिंग..." खूप लांबून आल्यासारखा, लाडात बोलल्यासारखा. मग काहीतरी पडलं.

नवरा माझ्या ओरडण्याने उठला. त्याने खांद्याने दोन धक्के दिले तेव्हा कडी निघाली. ती टबच्या कडेला वाकून पडली होती, गाल विचित्र गुलाबी. त्याने गीझर बंद केला, आम्ही दोघांनी तिला चादरीत गुंडाळून ओढत जिन्यात आणलं. मी परत आत जाऊन खिडकी उघडली, पण बाहेर ते कापड. हवाच येईना. नवऱ्याने भाजीची सुरी घेतली आणि ते कापड वरून खाली टराटरा फाडलं. बाहेरचा उजेड आणि थंडी एकदम आत आली.

मुलीने डोळे उघडले. पायरीवर बसून ती थरथरत होती. पहिला शब्द तिने काढला तो "आजी."

"काय?"

"आजी... मॉर्निंगला... बाथ घेतात."

नवरा वर धावला. मी मुलीला धरून बसले आणि वरचा आवाज ऐकत राहिले. तो दार बडवत होता, "आजी! आजी!" असं, पुण्यातल्या कुणा म्हातारीला हाक मारावी तसं. मग फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत ओरडणं. मग दार तुटल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. ती शांतता मी कधी विसरेन असं वाटत नाही.

तो त्यांना उचलून खाली घेऊन आला. त्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर लोळत होतं. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाल टेकून बसलेल्या सापडल्या होत्या. श्वास चालू होता. तेवढंच.

अग्निशमन दलाची माणसं आली, हातात हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र. जिना चढताना ते यंत्र जे किंचाळायला लागलं ते थांबेना. आम्हाला रस्त्यावर काढलं. सगळ्यांना रुग्णालयात नेलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर आमच्या मुलीकडे बघून म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. मी तिच्या नाकावरचा मास्क नीट केला.

चिमण्या तपासणारा सरकारी माणूस संध्याकाळी छपरावर चढला. शरद ऋतूत त्यानेच ती चिमणी तपासून ठीक म्हटलं होतं. आता तिच्या तोंडावर फळी होती, फळीवर प्लास्टिक, आणि ते उडू नये म्हणून वर विटा. गीझरच्या धुराला बाहेर जायला वाटच नव्हती. मालकाच्या वकिलाने पोलिसांना सांगितलं की पाऊस आत जाऊ नये म्हणून कामगारांनी ते झाकलं, इमारत रिकामी आहे असा त्यांचा समज झाला. गैरसमज. पोलिसांनी आमचे जबाब घेतले. अंगणात भेटलेल्या माणसाबद्दल मी सगळं सांगितलं. लिहून घेणारी तरुण पोलीस फार सौजन्याने म्हणाली, "पण त्याने धमकी अशी दिली नाही ना?"

नाही. त्याने फक्त हिवाळ्याबद्दल सांगितलं होतं.

आम्ही मुलीला हर्नडनला घेऊन आलो. ती काही आठवडे तिच्या जुन्या खोलीत झोपून राहिली. घरातल्या प्रत्येक मजल्यावर आमच्याकडे विषारी वायूचा अलार्म आहे, कायद्यानेच लागतो. तरी मी आणखी दोन आणून लावले. नवरा पॉटलकला यायचा पण त्या शहराबद्दल बोलायचा नाही. एकदा एका काकूंनी उत्साहाने विचारलं, "समरला युरोप करतोय, तुमच्या त्या आर्टिस्ट लोकांच्या गावात काय बघायचं हो?" तो म्हणाला, "सूतगिरणी बघा," आणि पाणी आणायला उठून गेला.

आजी वाचल्या. पण पाय अडखळायला लागले, शब्द सापडेनात, आणि त्यांना वृद्धांच्या केंद्रात ठेवलं. मुलगी रोज त्यांच्याशी फोनवर बोलायची. त्या एकच विचारायच्या, घरी कधी जायचं.

मग एके दिवशी जेवताना मुलगीच म्हणाली, "मी परत जातेय."

"त्या शहरात?" मी विचारलं.

"त्या घरात."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. ती समजावून सांगत राहिली. भाडेकरूंच्या संघटनेची एक वकील आजींची आणि तिची केस लढतेय. घर पूर्ण रिकामं झालं की मालकाला आतून सगळं पाडता येईल, आणि मग आजींच्या भाडेकराराला काही अर्थ उरणार नाही. कुणीतरी तिथं राहत असलं पाहिजे. गॅस आता तोडलाय, त्यामुळे तो धोका नाही. ती विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करेल, आंघोळीला मैत्रिणीकडे जाईल.

"तो धोका नाही," मी म्हटलं. "आणि दुसरे?"

ती ताटं गोळा करायला लागली.

"अगं, तू काय त्यांची नात आहेस का?" नवरा आवाज चढवून म्हणाला. मी त्याला इतकं चिडलेलं क्वचितच पाहिलंय.

"बाबा, दरवाजा तोडताना तुम्ही विचारलं होतं का, त्या कोण आहेत?"

त्याने तिला डलेस विमानतळावर सोडायला स्वतः ड्राइव्ह केलं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत ती वळून बघेल म्हणून आम्ही थांबलो, आणि तिने वळून बघितलं, हात हलवला. तिच्या बॅगेत मी अलार्म ठेवला होता, एक नव्हे, तीन.

आता त्या इमारतीत एकच बिऱ्हाड आहे. वरच्या आजींच्या दाराला नवं कुलूप लावून किल्ली तिने स्वतःकडे ठेवली आहे, आठवड्यातून एकदा जाऊन कुंड्यांना पाणी घालते. मागच्या महिन्यात तळघरात पाणी शिरलं, कुठला तरी पाइप फुटला म्हणे. त्यानंतर तिची सायकल अंगणातून चोरीला गेली. ती या गोष्टी कॉलच्या शेवटी, सहज सांगितल्यासारख्या सांगते, आणि मी तितक्याच सहज ऐकल्यासारखं करते. कोर्टातली सुनावणी या महिन्यात होणार होती. ती पुढं ढकलली गेली. नवीन तारीख अजून आलेली नाही, आणि तिकडे थंडी सुरू झाली आहे.