नेमाची खाच

काल शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासानं मी एकदम साठच्या दशकातल्या जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या बंदुकीच्या दुकानात पोचलो. मी तिथे केमिस्ट्रीत डॉक्टरेट करत होतो. माझे घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर शिकारी होते. जखमी रानडुक्कर अंगावर आलं तर जवळ असावं म्हणून ते रिव्हॉल्वर घेत होते, आणि सोबत बायकोला आणि मला घेऊन आले होते.

प्रश्न नेम धरायच्या खाचेचा होता. पक्की खाच कुठे आपटली तरी हलत नाही. दुसरी स्क्रूनं वरखाली करता येते. बराच वेळ घुटमळून ते मला म्हणाले, "तुम्ही शास्त्रज्ञ, तुम्हीच सांगा."

मी आयुष्यात गलोलही मारली नव्हती. तरी गंभीरपणे म्हणालो, "पक्कीच घ्या."

"नको, स्क्रूवालीच घे," फ्राऊ क्रेमर नवऱ्याला म्हणाल्या. "आजवर नेम चुकला की माझ्या कॉफीवर खापर फोडलंस. आता स्क्रूवर फोड."

दुकानदार खोकत पाठमोरा झाला. हेर क्रेमर लालबुंद झाले. मग हळूच म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. स्क्रूवालीच द्या."

तेव्हा वाटलं, बाईंनी चारचौघांत नवऱ्याची अब्रू घालवली. आज, इतका संसार झाल्यावर वाटतं, त्यांनी नवऱ्याला जन्मभर पुरेल अशी सबब भेट दिली.