पाण्याचा काटा

आमच्या तालुक्यात मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होते. बाजारात, पेट्रोलपंपावर, जिनिंगच्या फाटकाशी, जिथं जाईन तिथं मी नवऱ्यावर ओरडायचे, आणि ओरडणंही असं की पलीकडचा दुकानदार तराजू खाली ठेवून बघायला येई. बाया म्हणत, किती गरीब माणूस, आणि पदरात काय पडलंय बघा. मी मुकाट ऐकून घ्यायचे. खरं कारण सांगायची सोय नव्हती. आमच्या ह्यांना ऐकू येईनासं झालं होतं, आणि हे ट्रक चालवत होते.

पांढरकवड्याजवळ आमचा तांडा. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारी. पुढे तांडे एका जागी बसले, शेती करू लागले, पण माल वाहण्याचं वेड काही घरातून गेलं नाही. सासरे सांगायचे, चालत्या तांड्यात मागे न बघता त्यांना बैलांच्या घंटांवरून कळे की कुठला बैल लंगडतोय. ह्यांनी तेच कान घेतले होते. चालत्या गाडीत हे मध्येच गप्प होत, मान तिरकी करत, आणि गाडी बाजूला घेऊन बरोबर तोच नट आवळत जो सैल झालेला असे. मला तर सगळा एकच गोंगाट वाटायचा.

ट्रक लढाईतला, लष्करानं काढून टाकलेला, तीन-चार हात फिरून आमच्याकडे आला. समोरच्या पत्र्यावरचे सगळे मीटर कुणीतरी आधीच उपटून नेले होते. तिथं नुसती भोकं राहिली होती. एका भोकात ह्यांची बिडी-काडी असायची, दुसऱ्यात उदबत्ती खोचलेली, तिसऱ्यातून इंजिनाची गरम वाफ माझ्या गुडघ्यावर यायची. मीटर बसवा म्हणून कुणी म्हटलं तर हे हसायचे आणि आपल्या कानाला बोट लावायचे.

कान जात आहेत हे मला आधी कळलं. माझ्या हातात तेव्हा कोपराच्या वरपर्यंत बांगड्या. मी मागून आले की हे न बघताच "चहा ठेव" म्हणायचे. ते म्हणणं बंद झालं. मी अगदी पाठीशी उभी राहून दोन्ही हात खणखण हलवून बघितले, तर हे निवांत विळ्याला धार लावत बसलेले. मी समोर येऊन विचारलं, तर ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं.

बहिऱ्या ड्रायव्हरला कापूस कोण भरू देईल? लायसन गेलं असतं ते वेगळंच. म्हणून आम्ही ते लपवलं. क्लीनरला कळणारच, तेव्हा त्याला काढलं आणि त्याच्या जागी मी बसू लागले. आमच्यात बाया मालाबरोबर चालतच आल्या होत्या, त्यामुळे तांड्यात कुणी काही बोललं नाही. गावातले लोक मात्र म्हणाले, बायकोला घरी ठेवायचा धाक नाही. मी ह्यांच्या डावीकडे बसायचे आणि मागून हॉर्न ऐकू आला की ह्यांच्या दंडावर थाप मारायची. थाप पडली की हे गाडी कडेला घेऊन मागच्याला वाट देत. एवढीच आमची खूण. बाकी बोलायचं ते तोंडासमोर तोंड नेऊन, ओरडून, म्हणजे लोकांना वाटावं की बाई भांडते आहे. आणि मला राग येतही होताच. लोकांचा येई, त्या ट्रकचा येई, कधी कधी ह्यांचासुद्धा येई.

पण इंजिनाचं काय करायचं? गिअर बदलायचा ते ह्यांच्या पायांना कळे. आत काही बिघडलं तर ते पायांना कळत नसे, कारण आमचे रस्तेच असे की सगळी गाडी सदा थडथडत असायची. मी ऐकत होते, पण मला त्यातलं काय कळतंय? "काहीतरी वाजून राह्यलं," मी ओरडायचे. "कसं वाजून राह्यलं?" हे विचारायचे. खडखड, टकटक, घरघर, मी तोंडानं करून दाखवायचे आणि हे माझ्या ओठांकडे बघत बसायचे. त्यातून ह्यांना काही मिळायचं नाही. शेवटी ह्यांनीच एक दिवस पत्र्यावरच्या भोकातली बिडी काढून त्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "मीटर पाह्यला पाह्यजे." मला त्या वेळी बरं वाटायला हवं होतं, पण रडूच आलं.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढचा कापसाचा हंगाम होता. नागपूरला माल टाकून आम्ही जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. एका दुकानात जमिनीपासून छतापर्यंत मीटरच मीटर. जीपचे, लष्करी गाड्यांचे, बसचे, काही काचा फुटलेले, काही अगदी कोरे. हे एकेक हातात घेऊन पुसत होते, लहान मुलाचं तोंड पुसतात तसे. दुकानदार म्हातारा, बोलका माणूस. तो बोलायचा तेच मी ह्यांच्याकडे तोंड करून ओरडून सांगायचे.

"काय म्हणून राह्यला तो?"

"म्हणते, तेलाचा घ्या आधी!"

दुकानदार हसायला लागला. "बहनजी, गाडी आप चलाती हो क्या?" मग मलाच समजावू लागला. तुम्ही म्हणता दोन भोकं फाटलेली, एकच मीटर बसणार, तर मग तेलाच्या दाबाचा न्या. पाणी तर ड्रायव्हर टोपण उघडून बघतो, तेलाचं आत काय चाललंय ते कोण बघणार? मी ते सगळं ओरडून सांगितलं. हे म्हणाले, दाखवा चालवून. आता तेलाचा काटा इंजिन सुरू असल्याशिवाय हलत नाही. तो तिथं गल्ल्यावर कसा दाखवणार?

पण पाण्याचा, म्हणजे इंजिनातलं पाणी किती तापलं ते सांगणारा, दाखवता येत होता. त्या मीटरला मागे एक लांब बारीक तांब्याची नळी होती आणि तिच्या टोकाला बोटाएवढा पितळी दांडा. शेजारी स्टोव्हवर म्हाताऱ्याचा चहा उकळत होता. त्यानं तो दांडा सरळ चहात बुडवला. काटा हळूहळू उठला आणि चढत चढत पार वर गेला. दांडा चहातून काढला तसा काटा पुन्हा खाली येऊन बसला. ह्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा बुडवला, पुन्हा काढला. ह्यांचा चेहरा असा उजळला होता की मला भरून आलं. कान गेल्यापासून पहिल्यांदाच गाडी ह्यांच्याशी काहीतरी बोलली होती.

मी तरी म्हटलं, "आवो, तो तेलाचा म्हणून राह्यला नं!" हे माझ्याकडे बघत नव्हते. दुकानदारानं मागून दोनदा हाक मारली, मग माझ्याकडे बघून गमतीनं कानाजवळ हात हलवला. "सुनते नहीं क्या?" नेमकं तेव्हाच ह्यांनी वर बघितलं. त्याचा हात कानाजवळ होता. ह्यांचं तोंड उतरलं. तो पाण्याचा मीटर तसाच छातीशी धरून हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मग मी काय भाव करणार आणि काय तेलाचं बोलणार?

मीटर बसला, त्याचा पितळी दांडा इंजिनाच्या पाण्यात गेला. ह्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. काचेवर कुंकू लागू नये म्हणून मी कडेला टिकली लावली. आता गाडी चालवताना हे रस्त्याकडे बघत आणि काट्याकडे बघत. चढ लागला की काटा थोडा चढे, हे गाडी थांबवत, पाणी घालत, काटा उतरे, पुन्हा निघत. मला शब्द काढायची गरज पडत नव्हती. तो हंगाम सुखाचा गेला. मी थोडी कमी भांडकुदळ झाले असंही लोक म्हणाले असतील.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी घाटंजीहून कापूस भरून आम्ही पांढरकवड्याच्या जिनिंगला निघालो. दुपारची वेळ. वर कापसावर व्यापाऱ्याचा हमाल बसला होता. निम्मा रस्ता गेला असेल, आणि ह्यांनी आनंदानं काट्याकडे बोट केलं. काटा पार खाली येऊन बसला होता.

"आज इंजन कसं थंडं चालून राह्यलं, पाह्य!"

मीही बघितलं. इतकं ऊन, इतका भरलेला माल, आणि काटा अगदी खाली. मला वाटलं, चला, देवाची कृपा.

थोड्या वेळानं वरून हमाल केबिनच्या टपावर ठोकू लागला. त्याला मागे रस्त्यावर पाण्याची ओली रेघ दिसली होती, ते नंतर कळलं. पाण्याची रबरी नळी फाटून सगळं पाणी केव्हाच वाहून गेलं होतं. पितळी दांडा आत कोरडा पडला होता, चहातून काढल्यावर पडला होता तसाच. पाणी नाही, तर काटा कशाचं सांगणार? त्या दुकानात तो खाली येताना आम्ही दोघांनी आपल्या डोळ्यांनी बघितला होता, पण मनात राहिला तो फक्त वर जाताना.

टपावर ठोकणं ऐकलं आणि त्याच वेळी मला दुसरा आवाज ऐकू आला. इंजिनातून. टक, टक, टक, आणि मग जोरात. मी घाबरून ह्यांच्या दंडावर थाप मारली. ह्यांनी शांतपणे गाडी डाव्या कडेला घेतली आणि हातानं मागच्याला पुढे जा म्हणून खूण केली. मागे कुणीही नव्हतं. मी पुन्हा मारली, जोरानं मारली. हे आणखी कडेला गेले. "इंजन!" मी ओरडले. "आवो, थांबा! इंजन!" ह्यांनी माझे ओठ वाचले, काट्याकडे बघितलं, आणि हसून मान हलवली. थंडं हाय, बाई. मी दोन्ही मुठींनी दंडावर मारत होते आणि हे त्या रिकाम्या रस्त्याला वाट देत होते. इतकी वर्षं झाली, पण इतकं असहाय मला पुन्हा कधीच वाटलं नाही, ह्यांना चितेवर ठेवलं तेव्हाही नाही.

मग एक मोठा आवाज झाला आणि इंजिन जागीच जाम झालं. गाडी आचका देऊन थांबली.

हमाल खाली उतरला. तो काही वाईट माणूस नव्हता. ह्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यानं विचारलं, "काहून थांबले नाई जी? मी केव्हाचा ठोकून राह्यलो!" हे बॉनेटमध्ये वाकलेले. त्यानं पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. एवढा वेळ आपण कुणाच्या गाडीवर बसून आलो, त्याची भीती.

कापूस न्यायला व्यापाऱ्यानं बैलगाड्या पाठवल्या. त्यांच्या बैलांच्या गळ्यात घंटा होत्या. हे रस्त्याच्या कडेला बसून बैलांच्या मानांकडे बघत होते.

पुढे सांगण्यासारखं फार नाही. आठवड्याच्या बाजारात बातमी पसरली, आणि ह्यांना कुणी माल दिला नाही. एकजणही वाकडं बोलला नाही. उलट बाया मला म्हणाल्या, बाई, आम्हाला काय माहीत. त्याचाच मला जास्त राग आला. ट्रक भंगारात गेला. मीटर तेवढा ह्यांनी काढून घेतला आणि घरात फळीवर ठेवला.

एका संध्याकाळी मी भाकरी करत होते. हे चुलीजवळ येऊन बसले आणि आमच्या तांड्याच्या बोलीत विचारलं, त्या दिवशी इंजिन कसं वाजलं होतं? मी तोंडानं करायला गेले, तर ह्यांनी मान हलवली आणि आपला तळहात पुढे केला. मला समजलं. मी पिठाचा हात पुसला आणि ह्यांच्या तळव्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. टक, टक, टक. मग जोरात. ह्यांनी डोळे मिटले होते. मान तशीच तिरकी झाली, पूर्वी व्हायची तशी.

"बेअरिंग," हे म्हणाले. डोळे उघडले तेव्हा क्षणभर खूश होते, बरोबर ओळखलं म्हणून. मग ती खुशी मावळली. "आणि तू मला हे सांगत होतीस," हे म्हणाले, "आणि मी वाट देत होतो."

मी हो म्हटलं. हळू म्हटलं, त्यामुळे ह्यांना ते कळलं नाही. पुढे केलेला हात मात्र ह्यांनी मागे घेतला नव्हता.

"परत वाजव," हे म्हणाले.

तव्यावरची भाकरी करपत होती. मी परत वाजवलं.