बोर्डाखालची गाडी

काळेवाडीतून रहाटणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चपलांचं दुकान आणि पिठाची गिरणी यांच्यामध्ये विजयश्रीचं सीट कव्हरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली आणि पुढं एक गाडी जेमतेम उभी राहील एवढी मोकळी जागा. गेल्या दसऱ्यापर्यंत वर बोर्ड होता तो आधीच्या भाडेकरूचा, मोबाइल रिपेअरिंगचा. लोक फुटलेल्या काचेचे फोन घेऊन यायचे, आतले रेग्झिनचे रोल बघून गोंधळायचे आणि परत फिरायचे.

विजयश्री मूळची बार्शीची. लग्न होऊन इकडं आली आणि चाकणच्या एका सीटच्या कंपनीत शिलाईच्या लाइनवर लागली. तिथं तिनं इतकी वर्षं एकच तुकडा शिवला, ड्रायव्हरच्या पाठीमागची डावी कड. उजवी कड शेजारची पूनम शिवायची. आख्खी सीट कुणा एकीच्या हातची नसायची. रस्त्यानं ते मॉडेल गेलं की विजयश्री मुलीला दाखवायची, "ती बघ, माझी डावी बाजू चालली."

कंपनीनं लाइन दुसऱ्या राज्यात हलवली, तेव्हा तिनं एक जुनं जड मशीन आणून हे दुकान मांडलं. कामं यायची ती रिक्षाच्या उसवलेल्या गाद्यांची. ठिगळ लावा, दोऱ्याचा वेढा मारा, झालं. नवा बोर्ड मात्र तिनं रंगवून घेतला होता, 'विजयश्री कार सीट्स', आणि तो मशीनमागं भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. खंडेनवमीला तो वर चढवायचा आणि त्याखाली आपण स्वतः आतून पूर्ण केलेली पहिली गाडी उभी करायची, असं तिचं ठरलं होतं. त्या दिवशी जी गाडी तिथं उभी राहील तीच लोकांच्या डोक्यात बसणार, आणि पुढं कामंही तशीच येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाहीतर आहेच जन्मभर ठिगळं लावणं.

गणपती उठले आणि एकाच आठवड्यात दोन गाड्या आल्या.

पहिली दादासाहेबांची. दादासाहेब चाकणच्या पलीकडच्या गावातले. बरीचशी जमीन कारखान्यांत गेली तरी उरलेल्या रानात अजून कांदा करणारे. त्यांची गाडी लाल, लांब नाकाची, दोनच दारांची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. पुण्यातल्या एका शौकीन माणसाकडून घेतलेली. बाहेरून आरशासारखी लखलखीत, आतून मात्र लेदरच्या चिंध्या आणि वर आलेल्या स्प्रिंगा.

"ताई, काम असं पायजे का बघणाऱ्यानं बघतच ऱ्हायलं पायजे," दादासाहेब म्हणाले. "लेदर, दुहेरी शिलाई, बटनं, समदं जुन्यावानी. दसऱ्याला गावात पूजा हाय. आदल्या दिशी तुमच्या दारात उभी करू, मग तर झालं?"

दुसरी गाडी निरंजनची. या इंजिनिअर पोरानं तीन मित्रांबरोबर चाकणला शेड घेऊन एक हलकी रोडस्टर बनवली होती. तिला छप्पर नाही, दारं नाहीत, एसी नाही, गाणी नाहीत. पुढची काच हातभर उंचीची आणि टेस्टिंगची लाल नंबर पाटी. गाडी दारात थांबली तेव्हा नेहमीचं गिऱ्हाईक असलेले रिक्षावाले दत्तोबा तिथंच चहा पीत होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भावा, बाकीची गाडी मागनं येतीय का?"

"एवढीच आहे काका," निरंजन हसला. "काढता येईल ते सगळं काढलंय."

"मग सीट तरी कशाला बसवतो? उभ्यानं चालव की!"

निरंजनलाही दसऱ्याच्या आतच गाडी तयार हवी होती. जागा एक, मशीन एक, बाई एक. दोन्ही कामं होणं शक्यच नव्हतं.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. रविराज, तिचा नवरा, अजून कंपनीच्या कपड्यांतच होता.

"यात विचार कसला करतेस विजू? लाल गाडी घे. ती दारात उभी राहिली की बोर्ड वाचायचीसुद्धा गरज नाही."

"आणि त्या पोराची?"

"ती उभी केलीस तर लोक म्हणतील, बाईनं गाडी खोलली आणि परत जोडताच आली नाही."

विजयश्रीला हसू आलं. तिचंही मन लालकडंच होतं. फक्त तिची एक रीत होती. रिक्षा असो नाहीतर व्हॅन, चालत्या गाडीत बसून आल्याशिवाय ती माप घ्यायची नाही. कंपनीत इतक्या सीटा शिवल्या, पण त्यातल्या एकीतही बसून बघायला मिळालं नव्हतं, त्याचाच हा वचपा असावा. तिनं दोघांनाही सांगितलं, आधी मला फिरवून आणा, मग बोलू.

दादासाहेबांनी तिला रहाटणी चौकापर्यंत नेऊन आणलं. गाडी अशी हळू चालली की शेजारून सायकली पुढं जात होत्या. सिग्नलला लोक फोटो काढत होते आणि दादासाहेब सिग्नल सुटला तरी थांबत होते. विजयश्रीलाही बरं वाटलं. नाही कसं वाटणार? ती मनातल्या मनात बटणांची जागा ठरवू लागली होती.

"अन ताई, नव्या लेदरवर जाड प्लॅस्टिक चढवून द्या. ते काढायचं न्हाई. आमच्या घरच्या सरुबाई म्हनत्यात, धुरळा लई बसतो."

"अहो, मग लेदर अंगाला लागणार कधी?"

"लागायचं कशाला? दिसलं म्हंजी झालं. यात बसायचं कुनाला हाय? वरसातनं एकांदा नवरदेव बसंल वरातीत."

मनातली बटणं विजयश्रीनं तिथंच सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि निरंजनच्या गाडीत उतरली. उतरली असंच म्हणायला हवं, कारण गाडी गुडघ्याएवढी. सीट म्हणजे फायबरची उघडी घमेली. त्यांत त्यानं योगासनांची चटई कापून चिकटवली होती. काळेवाडी फाट्यावरून डांगे चौकाकडं जाताना गटाराचं प्रत्येक झाकण तिला कमरेत कळलं. डोळ्यांत वारा, कानांत इंजीन, शेजारी ट्रकचं चाक डोक्याच्या वर. घाबरून तिनं दोन वेळा देवाचं नाव घेतलं. पण परत येईपर्यंत आपली पाठ कुठं अधांतरी राहते, मांडी कुठं काचते आणि वळणावर माणूस कुठल्या बाजूला सरकतो, हे सगळं तिला समजलं होतं. या गाडीत माणसाला आधार असा एका सीटचाच होता. ती चुकली तर गाडीच चुकली.

"रोज चालवणार ही?" तिनं विचारलं.

"रोज. शेडपासून घरापर्यंत. आणि जमलं तर अशाच आणखी बनवणार."

संध्याकाळी तिनं दादासाहेबांना फोन केला. दसऱ्यानंतर करून देते म्हणाली.

"दसऱ्यानंतर काय करायचीय ताई? गावातली चार गिऱ्हाइकं आनून देनार हुतो आमी तुमाला. ऱ्हायलं."

लाल गाडी भोसरीतल्या एका दुकानात गेली. पाठोपाठ दादासाहेबांच्या पुतण्यांच्या दोन मोठ्या गाड्याही तिकडंच गेल्या. रविराजला हे कळलं तेव्हा तो नुसता भातावरचं वरण कालवत राहिला. त्यानं चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आता हे काम तरी भरभक्कम करायचं, असं तिनं मनावर घेतलं. आपल्याकडं सीट बघायला येणारा माणूस आधी अंगठा दाबून बघतो. अंगठा रुतला तर माल चांगला, नाहीतर बाईनं फोम ढापला. विजयश्रीनं चांगला जाड फोम घातला, कडेला गोट फिरवला, पाठीला खिसा केला, डोक्याला उशी दिली. आलेल्या पाहुण्याला नुसता भात वाढल्यासारखं वाटू नये, एवढाच तिचा विचार.

निरंजन आला, बघून खूश झाला, आत बसला. आणि पुढच्या काचेची वरची कड बरोबर त्याच्या नाकासमोर आली. गाडीत बसलेला माणूस गाडीवर बसल्यासारखा दिसत होता.

"ताई, सीट मस्त आहे," तो अवघडून म्हणाला, "पण सगळा वारा तोंडावर येणार. चष्मासुद्धा उडेल."

दसरा तोंडावर आला होता. विजयश्रीनं कात्री घेतली आणि आपलीच शिलाई उसवायला बसली. आधी खिसा गेला, मग उशी, मग गोट. दुसऱ्या दिवशी निरंजनला तिनं दुपारभर उघड्या घमेल्यात बसवून ठेवलं. तो डबाही तिथंच जेवला. जिथं त्याचा भार पडत होता तिथं तिनं खडूनं खुणा केल्या. खुणांवर बोटभर फोम ठेवला, बाकी ठिकाणी नुसतं कापड. एवढं कमी काम करायला तिला आधीच्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण निरंजन परत आत बसला तेव्हा काच त्याच्या कपाळाच्या वर होती, आणि तो फाट्यापर्यंत जाऊन परत आला तो हसतच.

खंडेनवमीला सकाळी मशीनला झेंडूची माळ घातली. कात्री, टेप, खडू, सुया, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी, हात लावायचा नाही. रविराजनं शिडीवर चढून बोर्ड लावला आणि खाली ती गाडी उभी राहिली. येणारे-जाणारे थांबायचे, वाकायचे, अंगठा दाबायचे. अंगठा काही रुतायचा नाही.

"ताई, फोम घालायचा विसरला का?" गिरणीवाले म्हणाले. चपलांच्या दुकानातली बाई तोंडाला पदर लावून हसली. विजयश्री पेढे वाटत होती, पण तिचे कान सगळे तिकडंच होते.

तेवढ्यात हार घातलेली रिक्षा घेऊन दत्तोबा आले. वर्षानुवर्षं रिक्षा चालवून त्यांची कंबर गेलेली; पाठीमागं कायम एक गुंडाळलेला टॉवेल असायचा. तो त्यांनी खांद्यावर टाकला.

"बघू तरी अर्ध्या गाडीत बसून कसं वाटतं. धर रे निरंजन, खाली घाल मला."

लोक हसले. दत्तोबा आत बसले. आधी त्यांनी खोटा हॉर्न वाजवला, मग स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं. मग पाठ मागं टेकली, हात मांडीवर ठेवले.

"काका, उतरा की, मला फोटो काढायचाय," निरंजन म्हणाला.

"थांब की जरा. घाई काय हाय?"

ते तसेच बसून राहिले. टॉवेल अजून खांद्यावरच होता. थोड्या वेळानं त्यांनी मान वर करून हाक मारली, "विजयताई, ही माझ्या रिक्षाला बसल का?"

"ही नाही बसायची, काका. ही त्याच्या पाठीची आहे. तुमची वेगळी करावी लागेल. ठिगळ नाही, आख्खी."

"मग कर की."

"आधी मला तुमच्या रिक्षात बसून यावं लागेल. आणि तेही पुढं, तुमच्या जागेवर."

"रिक्षा तू चालवनार?" दत्तोबा खदखदून हसले. "चल, शिकवतो!"

शिडी घडी करत असलेल्या रविराजनं एकदा बोर्डाकडं पाहिलं, एकदा रिक्षाकडं. "विजू, सुरुवात झाली का परत रिक्षानंच?"

"व्हय," ती दत्तोबांच्याच सुरात म्हणाली. टेपला कुंकू लागलेलं, त्याला हात लावता येत नव्हता. म्हणून तिनं पेढ्यांचा डबा रविराजच्या हातात दिला, रिक्षात वाकली आणि फिरून यायच्या आधीच ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीवर वितीनं माप घ्यायला लागली.