बुलडोझरवाल्या भाऊंचे कान

गल्लीत आधी बातमी आली ती अशी, की बुलडोझरवाले भाऊ ठार बहिरे झाले. इंजिनाशेजारी जन्म काढल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणून बायकांनी हळहळसुद्धा उरकून घेतली. समोरच्या शिंपीणकाकूंनी खात्री करायला त्यांच्या पाठीमागून हळूच "मेला ढोंगी" म्हणून पाहिलं. भाऊ न वळताच म्हणाले, "मेलो नाही अजून, काकू." बातमी खोटी ठरली, गल्ली पोट धरून हसली. ती उठवली कोणी हे कळलं, तेव्हा मात्र हसू जिरलं. बातमी भाऊंच्याच ऑफिसातून, म्हणजे बेकायदा घरं पाडणाऱ्या सरकारी खात्यातून निघाली होती.

त्या ऑफिसची एक रीत भाऊंना तोंडपाठ होती. एखाद्या वस्तीतले लोक हायकोर्टात गेल्याचा वास आला, की साहेबांचा फोन बंद, टपाल घेणारा कारकून चहाला पसार आणि बुलडोझर रस्त्यावर. स्थगितीचा कागद हातात पडला नाही, म्हणजे स्थगिती नाहीच. तो पडेपर्यंत घरं भुईसपाट; मग कोर्टाने रागवायचं तेवढं रागवावं. भाऊ म्हणायचे, आपण काय, दांडा ओढणारे. घरी येऊन अंगावर पाणी घ्यायचे, जेवायचे. वहिनी धुळीचे कपडे वेगळे भिजत घालायच्या आणि काही विचारायच्या नाहीत.

नदीकाठच्या वस्तीत मात्र डाव फसला. वस्तीच्या वकीलबाई धावत आल्या त्या ऑफिसात न जाता थेट बुलडोझरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. भाऊंनी इंजिन बारीक केलं. बाईंनी धापा टाकत हुकूम वाचला: कोर्ट पुढे सांगेपर्यंत एका विटेलाही हात लावायचा नाही. साहेब जीपमध्ये काच वर करून बसलेले. भाऊंनी तिकडे पाहिलं. काचेमागून साहेबांचा हात हलला: चालू दे.

भाऊंनी सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, बुलडोझर वळवून कडेच्या घराची भिंत आडवी केली. आत माणूस नव्हतं, पण छताचा पंखा तसाच गरगर फिरत राहिला. त्या पंख्याकडे बघत भाऊंनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले, ते पुन्हा काही चढले नाहीत.

हायकोर्टाने विचारलं, हुकूम वाचून झाल्यावर भिंत कुणाच्या सांगण्यावरून पडली? सरकार झालं म्हणून ते हुकमाच्या वर नाही. जबाब शपथेवर द्या. साहेबांनी शपथेवर दिला: मी काहीच सांगितलं नाही, ड्रायव्हरला ऐकू कमी येतं. यावर कोर्ट म्हणालं, मग ड्रायव्हरलाच बोलवा.

तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी एक जीप उभी राहू लागली. आतले दोघे ना पेपर वाचत, ना सिगारेट ओढत. नुसते भाऊंच्या दाराकडे बघत. मग सगळ्या गल्लीत पाणी येई आणि भाऊंचाच नळ कोरडा. शिंपीणकाकू एक कळशी देऊन गेल्या, पण दार वाजवलं नाही, उंबऱ्याशी ठेवून पळाल्या. काकूंची जीभ गप्प बसलेली गल्लीने प्रथमच पाहिली.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी ऑफिसचे हेडक्लार्क आले. सोबत टेप घेतलेली दोन माणसं. त्यांनी वहिनींचा पिठाचा डबा सरकवला आणि स्वयंपाकघराची भिंत मोजू लागली. हेडक्लार्कने डॉक्टरचा दाखला पुढे केला, आयता, शिक्क्यासकट. खाली सही करायची, की इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. एवढं केलं की नोकरी कायम, साहेब सुटले, विषय संपला. नाही केलं, तर हुकूम मोडल्याबद्दल भाऊ स्वतःच आत जातील, आणि बाहेर येतील तेव्हा घर असेलच असं नाही.

वहिनींनी विचारलं, "आपलं घर नियमात आहे ना हो?"

हेडक्लार्क गोड हसले. "वहिनी, मोजायला घेतलं की कुणाचंच घर नियमात नसतं."

टेप सरसरत पुढे गेली. भाऊंनी दाखल्याची घडी घातली आणि हेडक्लार्कच्या खिशात परत ठेवली.

"हेडसाहेब, भिंत मी पाडली, हुकूम ऐकून पाडली. उद्या जजसाहेबांना हेच सांगणार, आणि काचेमागून हात कुणी हलवला तेही सांगणार. तुम्ही तोवर न्हाणीघर मोजून घ्या, ते राहिलंय."